कष्टकऱ्यांचे कसब आणि कायद्याची नोंद

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी ती नोंद आहे. त्या एका नोंदीमुळे हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तेव्हा नोंदीचे महत्त्व सातारकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखात मात्र दुसऱ्या प्रकारच्या नोंदीचा विचार करावयाचा आहे.

मालमत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जमीन, घर, सोनेनाणे येते. आपल्या समाजाच्या वाट्याला यांतले फारसे काही आले नाही. परंतु हातातले कसब, डोक्यातली कल्पना, लेखणीतून उतरलेले गाणे आणि धंद्यात कमावलेले नाव हीदेखील कायद्याच्या दृष्टीने मालमत्ताच आहे. हिलाच बौद्धिक संपदा म्हणतात. नव्या शोधासाठी पेटंट, धंद्याच्या नावासाठी व चिन्हासाठी ट्रेडमार्क, लेखन-संगीत-चित्रासाठी कॉपीराइट आणि विशिष्ट प्रदेशाच्या मालासाठी भौगोलिक मानांकन असे तिचे मुख्य प्रकार आहेत.

ही संपदा दुसरा कसा उचलतो याचे उदाहरण सांगलीकरांच्या रोजच्या व्यवहारातले आहे. हळदीने जखम भरते हे आपल्या आजीला ठाऊक होते. तरी १९९५ मध्ये अमेरिकेत याच गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल सादर केले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीचे तोंडी ज्ञान त्या कार्यालयाला पुरले नसते. छापील कागद पुढे ठेवावे लागले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

पुढे भारताने भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये केला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदणी चेन्नई येथे होते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (२०१०), कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि सांगलीचा बेदाणा (२०१६), सांगलीची हळद (२०१८), मिरजेची सतार व तंबोरा (२०२४) ही आपल्या दोन जिल्ह्यांची मानांकने होत. परंतु आपल्या बांधवांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे मानांकन या यादीत नाही. ते आहे कोल्हापुरी चप्पलचे.

नाव कोल्हापूरचे असल्याने पुष्कळांचा गैरसमज होतो. जून २०१९ मध्ये जाहीर झालेल्या या मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील खेड्यात बसून जो कारागीर बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेल्या चामड्यावर, खिळा न वापरता वादीने शिवण घालतो, त्याचाही त्या नावावर हक्क आहे. नोंद मात्र महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे तशाच स्वरूपाचे महामंडळ यांच्या नावे आहे.

जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात अगदी कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखविल्या, पण कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. गवगवा झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जुलै २०२५ मध्ये फेटाळण्यात आली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे मालक नव्हते. ज्याच्या नावे नोंद आहे त्याने दाद मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. शिवाय आपले मानांकन भारताच्या हद्दीत चालते, इटलीत ते आपोआप लागू होत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी कंपनीने करार केल्याचे जाहीर झाले. करार कोणाशी झाला हे पाहावे. ज्यांच्या नावे नोंद होती, त्यांच्याशी.

मग साध्या कारागिराचे काय? कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करता येते. तशी नोंद असेल तर नकली मालाविरुद्ध तो स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. नकली मानांकन वापरणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अर्जाची फी पूर्वी ५०० रुपये होती, २०२० च्या नियमदुरुस्तीने ती १० रुपये झाली. दहा रुपयांसाठी कोणी अडून राहत नाही. अडते ते माहितीवाचून व अर्ज भरून देणाऱ्या माणसावाचून. आपल्या मंडळातील शिकलेल्या तरुणांनी एक रविवार या कामाला द्यावा, असे मला वाटते.

येथे एक प्रश्न कार्यकर्ते हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी जातीने लादलेले धंदे सोडा म्हणून सांगितले. मग त्याच धंद्याला कायद्याचे कुंपण कशासाठी? बाबासाहेबांचा आक्षेप कामावर नव्हता. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडले. मानांकनाच्या अर्जात जात विचारीत नाहीत. प्रदेश व पद्धत विचारतात. धंदा सोडणाऱ्याने खुशाल सोडावा. पण जो करतो त्याच्या मेहनतीचा मलिदा दुसऱ्याने का खावा? या हक्काचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, कलम २४ प्रमाणे तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. सावकाराला त्यावर हात ठेवता येत नाही. वापरकर्ता मरण पावल्यास तो वारसाकडे जातो.

मानांकन सर्वांचे असते, म्हणून ‘कोल्हापुरी’ किंवा ‘सांगली हळद’ हे नाव कोणा एकाला स्वतःचा ट्रेडमार्क करता येत नाही. मसाल्याचा वा पापडाचा धंदा करणाऱ्या आपल्या भगिनींच्या बचत गटाने वेगळे नाव निवडावे. व्यक्ती व लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते व पुढे वाढविता येते. अर्जाआधी तेच नाव दुसऱ्याने घेतले आहे काय, हे अवश्य पाहावे. छापलेली पाकिटे फुकट जाण्यापेक्षा ते बरे.

आता लेखणीविषयी. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. लिहिले की हक्क निर्माण होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाला, म्हणून त्याची मुदत एक वर्ष उशिरा संपली. मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. पुनर्मुद्रण करणाऱ्या मंडळांनी याची चौकशी करावी.

भीमगीते लिहिणाऱ्यांची स्थिती याहून वाईट. कॅसेटच्या काळात किती कवींची गाणी शे-दोनशे रुपयांत गेली आणि वेष्टनावर नावही आले नाही! २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या कवीला व संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीला देऊन टाकता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते चालत नाही. हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून गाणे देण्यापूर्वी कागद वाचावा, आपली प्रत मागून घ्यावी, आणि वाचता येत नसेल तर मंडळातील वकील बंधूंना दाखवून मगच सही करावी.