सर्व्हिसिंगनंतर इंजिन बिघडलं, दाद कुठे मागायची?

प्रश्न : गोसीखुर्दच्या जलाशयात मी आणि मुलगा मासेमारी करतो. बोटीच्या आउटबोर्ड इंजिनची सर्व्हिसिंग नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये केली. थोड्याच दिवसांत गिअर घरघरू लागला, मग पंखा फिरेनासा झाला. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं झालं आहे. वर्कशॉपवाले म्हणतात, ‘धंद्याची बोट आहे, ग्राहक कायदा लागत नाही. शिवाय तुमचंच जाळं अडकलं असेल.’ काय करू?
– एक वाचक, पवनी

उत्तर : सर्वांत आधी, इंजिन कुणालाही उघडू देऊ नका. पांढरं ऑइल म्हणजे गिअरच्या खोक्यात पाणी शिरलं. ते कुठून शिरलं, यावरच तुमचा दावा उभा राहील किंवा पडेल. ऑइल बदलताना ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच ठेवला किंवा प्लग नीट आवळला नाही, तर दोष वर्कशॉपचा. पण पंख्यामागे जाळ्याचा दोरा गुंडाळून सील कापलं गेलं असेल, तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हे तुम्ही स्वतःच आधी तपासलेलं बरं. दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून न उघडता हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या. गळती कुठे आहे ते कळतं. त्याचा सहीशिक्क्याचा लेखी अहवाल, फोटो आणि बाटलीत भरलेलं ऑइल जपून ठेवा.

‘धंद्याची बोट’ हे उत्तर मात्र चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूची सेवा वगळतो, पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी केलेला वस्तूचा वापर व्यापारी हेतू मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात, जुन्या कायद्याखाली, हाच फरक स्पष्ट केला होता. पगारी माणसं ठेवून चार बोटी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

वर्कशॉपला स्पीड पोस्टाने नोटीस द्या, सोबत बिलाची आणि जॉब कार्डची प्रत जोडा. दाद मिळाली नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. वर्कशॉप नागपूरचं असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. मुदत बिघाडापासून दोन वर्षं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 वर फोन करा.

सर्व्हिसिंगचे पैसे आणि दुरुस्तीचा खर्च यांखेरीज बुडालेल्या मासेमारीची भरपाईही मागा. त्यासाठी मच्छीमार संस्थेकडे किंवा व्यापाऱ्याकडे मासळी दिल्याच्या गेल्या हंगामातल्या पावत्या आजच गोळा करा.