गाडी हवा कुठून ओढतेय ते आधी शोध

स्लोला इंजिन वर-खाली होतंय, सिग्नलला उभी राहिली की बंद पडतेय, एसी लावला की थरथरतेय, आणि हायवेला मात्र छान पळतेय, असं गिऱ्हाईक सांगू लागलं की प्लग आणि कॉइलचे भाव काढायची घाई करू नकोस, बाळा. स्लोचा स्क्रू तर अजिबात हलवू नकोस. स्क्रू फिरवून आवाज सुधारतो, रोग तसाच राहतो आणि पुढच्या मेकॅनिकला खरी खूणच सापडत नाही.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप मिटलेली असते तेव्हा मॅनिफोल्डात जोरदार ओढ असते. त्या वेळी इंजिनाला लागणारी हवाच मुळात थोडी, म्हणून एखाद्या बारीक चिरेतून शिरलेली हवासुद्धा मिश्रण बिघडवते. झडप उघडली की ओढ कमी होते आणि त्या चोरट्या हवेचा हिस्साही नगण्य होतो. हायवेला तक्रार का नसते, ते एवढ्यावरून कळतं. डिझेलला मात्र हा हिशोब लावू नकोस. तिथे ब्रेकच्या सर्वोसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.

आधी ब्रेक बघ, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाब, कडक झालं की पाय तसाच ठेव आणि गाडी चालू कर. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर सर्वोचा जाड पाइप, त्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि सर्वो तपासल्याशिवाय गाडी गेटाबाहेर सोडू नकोस. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मग थंड इंजिनावर शोध सुरू कर. रबर थंड असताना आखडलेलं असतं. तापल्यावर फुगतं आणि कधी कधी चीर स्वतःच मिटते. हातभर लांब पाइपचं एक टोक कानाशी धर आणि दुसरं सांध्यासांध्यावर फिरव. फॅन आणि पट्ट्यापासून हात आणि बाही लांब ठेव. सूं आवाज बरोबर ऐकू येतो. नंतर एकेक व्हॅक्यूम पाइप पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून हलकेच दाब. ज्या पाइपावर इंजिनाची चाल बदलली, त्याच्या पुढच्या टोकाला काहीतरी आहे. ऑइलचं झाकण काढताना ते आत जोरात ओढलं जात असेल तर पीसीव्हीकडे बघ. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच चालू होत नसेल तर कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह बघ. थंड इंजिन स्लोला असताना त्या पाइपात ओढ असता कामा नये.

आपल्याकडे दोन जागा हमखास. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवाल्या गाडीत मॅनिफोल्डाला भोकं पाडून नॉझल लावलेले असतात आणि व्हॅक्यूमच्या पाइपात टी-जोड घातलेला असतो, तिथून सुरुवात कर. आणि बरेच दिवस उभी असलेली गाडी आली की उंदरांनी काय कुरतडलंय ते बघ, पावसाळ्यात तर नक्कीच.

व्हॅक्यूम गेज लावलास तर समुद्रसपाटीला स्लोवर साधारण 17 ते 22 इंच दिसायला हवेत. दर हजार फुटांना एक इंच कमी धर. मुंबईत 20 दाखवणारं चांगलं इंजिन पुण्यात 18 दाखवतं, महाबळेश्वरला 16 च्याही खाली जातं. हे विसरून घाटमाथ्यावरच्या निरोगी गाड्या उघडलेल्या मी पाहिल्यात. स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम बघ: स्लोला अधिक 20 टक्के आणि 2500 आरपीएमला 5 वर आलं, तर हवा शिरतेय. उलट रेस वाढवल्यावर ट्रिम वाढलं, तर पंप-फिल्टरकडे जा. पण पी0171 कोड आला नाही म्हणून गळती नाही, असं समजू नकोस. मॅप सेन्सरवर चालणारी गाडी शिरलेली हवाही मोजते, तिच्या हिशोबाने पेट्रोल वाढवते आणि नुसती स्लोची रेस चढते.

सापडलंच नाही तर साबणाचं पाणी सांध्यावर थोडं थोडं मार, आवाज बदलतो. कार्बोरेटर क्लीनर मारायचा असेल तर इंजिन तापण्याआधी, एका वेळी एकच फवारा, वायरिंग आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, शेजारी आग विझवायचा सिलेंडर ठेवून. पेट्रोल कधीच मारायचं नाही. अगरबत्तीचा धूर सोडून बघणारे आहेत; माझ्या गॅरेजात ते चालत नाही. धूरच हवा असेल तर स्मोक मशिनवाल्याकडे गाडी न्यावी.

दुरुस्ती करताना टेप, एम-सील, सायकलच्या ट्यूबचा तुकडा यांचा विचारही करू नकोस. तेल आणि वाफ सोसणारा, त्याच मापाचा पाइप घाल, क्लिप नवी लाव. इंजेक्टरच्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लाव, म्हणजे बसताना कापली जात नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना घाई करतात ती घासण्यात. ॲल्युमिनियमवर पटाशी किंवा एमरी चालवलीस तर नवं पॅकिंगही हवा सोडणार. प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, पट्टी आडवी धरून सपाटी बघ, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळ. जोर लावून आवळशील तर आटे जातील.

काम झाल्यावर कोड पुसून स्लो पुन्हा शिकू दे, गाडी रात्रभर उभी ठेव आणि सकाळी थंड इंजिन स्वतः चालू कर. चाल सरळ राहिली तर काढलेला पाइप वाकवून चीर गिऱ्हाइकाला दाखव, आणि बिलात तेवढ्याच वस्तूचे पैसे लाव.