निऱ्यांचें गणित

गांधीबागेच्या कापडबाजारांत दुकानदार गिऱ्हाइकापुढें लुगडें उलगडून टाकतो, तेव्हां घडीवर घडी पडते, पदर त्यावर येऊन विसावतो. परंतु कापड कापडांतून आरपार गेल्याचें कोणीं पाहिलें आहे काय? तेंच लुगडें संगणकाच्या पडद्यावर उलगडावयाचें झालें, तर मात्र ही साधी गोष्ट मोठी बिकट होते. चित्रांतील कापडास स्पर्श ठाऊक नसतो. तो त्यास गणितानें सांगावा लागतो. कसा, तें आम्ही येथें थोडक्यांत पाहूं.

संगणकांत कापड म्हणजे लहान लहान त्रिकोणांचें जाळें. लांकडी ठोकळा दुसऱ्या ठोकळ्यावर आदळेल, स्वतःवर आदळणार नाहीं. कापडाचा मात्र कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही भागास भिडूं शकतो. त्रिकोण १०,००० धरले, तर त्यांच्या जोड्या ४,९९,९५,००० होतात, आणि आकार क्षणोक्षणीं बदलत असल्यामुळें त्या क्षणोक्षणीं तपासावयाच्या! म्हणून कोठें पाहावयाचें नाहीं, हें आधीं ठरवितात. त्रिकोणांच्या गटांभोंवतीं पेट्या कल्पितात. ज्या पेट्या एकमेकींस भिडत नाहींत, त्यांच्या आंत डोकावण्याचें कारण उरत नाहीं. पण शेजारच्या त्रिकोणांच्या पेट्या तर नेहमींच भिडलेल्या! यावर व्होलिनो व थालमान यांनीं १९९४ सालीं सुंदर तोड काढली: ज्या भागांतील सर्व त्रिकोणांचीं तोंडें साधारण एकाच दिशेस आहेत व ज्याची कडा स्वतःस छेदीत नाहीं, तो भाग स्वतःवर आदळूं शकत नाहीं. निरी नाहीं, तेथें शोध नाहीं.

उरलेल्या प्रत्येक जोडीच्या १५ तपासण्या होतात: बिंदु व पृष्ठ यांच्या ६, कडा व कडा यांच्या ९. दोन क्षणांच्या दरम्यान चार बिंदु एकाच प्रतलांत केव्हां येतील, हें काढण्यास घनसमीकरण सोडवावें लागतें. (बीजगणिताचा कंटाळा करणाऱ्या आमच्या मित्रांनीं रागावूं नये.) मग स्पर्श खरा कीं खोटा, तें पाहतात.

इतका खटाटोप कशासाठीं? ठोकळ्यास आंत व बाहेर असतें. कापडास तें नाहीं. एक टोंक चुकून आरपार गेलें, कीं योग्य बाजू कोणती हें यंत्रास कळत नाहीं, आणि जी तपासणी त्यास अडविणार होती, तीच आतां त्यास परत येऊं देत नाहीं. म्हणून ब्रिडसन, फेडकिव व अँडरसन यांनीं २००२ सालीं एकही छेद होऊं न देण्याचा मार्ग दाखविला. तथापि चित्रांतील माणसानें हात कोपरांत घट्ट दुमडला, तर बाहीस राहण्यास जागाच उरत नाहीं. तेथें छेद टळत नाहीं. त्याकरितां बराफ, विटकिन व कास यांनीं २००३ सालीं निराळी रीत दिली. छेदाची संपूर्ण रेषा पाहून कोणता भाग भलत्या बाजूस गेला हें ते ठरवितात. कापडाचे ते भाग मग एकमेकांस लोटीत नाहींत, ओढतात. आणि अडकलेलें टोंक आल्या वाटेनें बाहेर पडतें.