माहितीपटाचा आवाज आणि रंग : संकलनाचा एक पाठ



हल्ली प्रकल्प म्हणून मुलं मोबाईलवर छोटे माहितीपट करतात. रावेर-यावलची केळी, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, असे छान विषय असतात. पण पाहायला बसलं की आजी ऐकू येत नाही, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं आणि चेहरे हिरवे नाहीतर पिवळे दिसतात. हे बरंचसं संकलनात, म्हणजे एडिटिंगमध्ये, सुधारता येतं. शॉटकट किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती त्याला पुरते.

हे का शिकवायचं?

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) रचना आपल्यापर्यंत आल्या, कारण घरच्यांनी त्या ऐकून कागदावर उतरवल्या. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, छापून आली. आज अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या आजीचा आवाज आणि चेहराही आपण ठेवू शकतो. तो नीट ऐकू येईल, खरा दिसेल, एवढी जबाबदारी मात्र आपली.

आधी क्रम

आधी दृश्यांची कापाकापी आणि जोडणी पूर्ण करा. मग आवाज, शेवटी रंग. नाहीतर रंगवलेलं दृश्यच नंतर काढून टाकावं लागतं आणि मेहनत वाया जाते.

आवाजाची पातळी

१. मीटर बघा. डिजिटल मीटरवर ० ही सर्वात वरची मर्यादा असते, बाकी आकडे उणे असतात. बोलण्याचे उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. चित्रण करतानाच आवाज ० ला धडकून फाटला असेल, तर तो नंतर कमी करून पूर्ववत होत नाही. म्हणून रेकॉर्डिंग थोडं खालीच ठेवलेलं बरं.

२. माणसं एका पातळीवर आणा. सरपंच मोठ्यानं बोलतात, आजी हळू. प्रत्येकाची क्लिप वेगळी वरखाली करा. ६ डेसिबल वाढवले की ध्वनिलहरीची उंची साधारण दुप्पट होते, म्हणून थोडं थोडंच वाढवा.

३. संगीत बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवा.

४. वारा आणि घरघर. शेतातल्या वाऱ्याचा धपधप आवाज बराचसा खालच्या सुरात असतो. विजेच्या उपकरणांची गुणगुण ५० हर्ट्झपासून सुरू होते. ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावला की दोन्ही कमी होतात आणि बोलणं शाबूत राहतं.

५. नॉइज रिडक्शन जपून वापरा. 'स', 'श' हे वर्ण स्वतःच सळसळीसारखे असतात, त्यामुळे जास्त सफाई केली की आधी तेच पुसट होतात. अहिराणीत तर 'आहे' ला 'शे' म्हणतात! तो 'शे'च पुसट झाला, तर बोलीची ओळखच गेली. जात्याची घरघर ही ओवीचा भागच आहे, ती काढू नका, फक्त आवाजाखाली ठेवा.

प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता ३० सेकंद नुसतं वातावरण रेकॉर्ड करून घ्या. दोन क्लिपांमधली पोकळी भरायला ते उपयोगी पडतं.

रंगांचा समतोल

दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं, तर पिवळा बल्ब २७०० ते ३००० चा. डोळा हे जुळवून घेतो, कॅमेरा चुकतो. म्हणून आधी पांढरा रंग पांढरा करा. चित्रण सुरू करताना वहीचा कोरा कागद क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरा आणि संकलनात पिपेटने त्यावर टिचकी मारा. कापसाचा ढीग प्रमाण धरू नका, तो किंचित पिवळसर असतो.

केळीच्या बागेत पानांतून गाळून आलेला उजेड चेहरा हिरवट करतो. तिथे मॅजेंटा, म्हणजे किरमिजी छटा, थोडी वाढवा. पण पानं करडी पडू लागली की थांबा. ओसरीवर एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल, तर एका दुरुस्तीनं दोन्ही सुधारत नाहीत. अशा वेळी चित्रणाआधी बल्बच बंद करा. मोबाईलचा व्हाइट बॅलन्सही लॉक करा, नाहीतर मध्येच रंग बदलतो.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा

उजळ करणं म्हणजे गोरं करणं नव्हे. व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखावर गोऱ्या आणि सावळ्या त्वचेची छटा जवळपास एकाच रेषेवर पडते, फरक मुख्यतः उजळपणाचा असतो. छटा दुरुस्त करा, चेहरा स्पष्ट दिसू द्या, पण उन्हात राबलेल्या माणसाचा वर्ण बदलू नका. माहितीपटात तो खोटेपणाच ठरतो.

घरचा अभ्यास

घरातल्या मोठ्या माणसाची एक मिनिटाची मुलाखत घ्या आणि वरच्या क्रमानं दुरुस्त करा. हेडफोनवर आणि मोबाईलच्या स्पीकरवरही ऐका. मग ज्यांची मुलाखत घेतली त्यांनाच दाखवा आणि विचारा : "हा आवाज तुमचाच वाटतो का? तुम्ही असेच दिसता का?" दोन्हींना 'हो' आलं, तर काम जमलं!