प्रसूतीच्या जखमा : पूर्वतयारी आणि प्रतिबंध

योनिद्वार आणि गुदद्वार यांच्यामध्ये त्वचा व स्नायू यांचा एक लहानसा पट्टा असतो. त्याला आपण येथे मूलाधार म्हणू. दवाखान्यात त्याला पेरिनियम म्हणतात. बाळाचे डोके बाहेर येताना हा भाग अतिशय ताणला जातो आणि पुष्कळदा फाटतो. या जखमांच्या चार श्रेणी मानतात. पहिल्या श्रेणीत केवळ त्वचा फाटते. दुसरीत खालचे स्नायू फाटतात. तिसऱ्या श्रेणीत गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूला इजा होते, आणि चौथीत जखम गुदाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन श्रेणींच्या जखमा सामान्य होत व त्या बहुधा लवकर भरून येतात. शेवटच्या दोन तुलनेने विरळ असल्या, तरी त्यांचा त्रास दीर्घकाळ टिकू शकतो. मल अगर वायू यांवर ताबा न राहणे हे असे दुखणे आहे की, ते घरातही बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. पुष्कळ स्त्रिया ते बाळंतपणाचा भोग समजून निमूटपणे सोसतात. म्हणूनच या विषयाचा स्पष्टपणे विचार करणे आवश्यक आहे.

जखम टाळण्यासाठी आधीच कात्रीने छेद घ्यावा, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. डब्लिनचे फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ मध्ये कठीण प्रसूतीतील उपाय म्हणून असा छेद सुचविला होता. १९२० मध्ये शिकागोचे जोसेफ डीली यांनी त्याचा नेहमीच्या प्रसूतीतही पुरस्कार केला, आणि पुढे अनेक देशांतील रुग्णालयांत, विशेषतः पहिलटकरणींच्या बाबतीत, तो जणू नियमच होऊन बसला. परंतु अर्जेंटिनात सुमारे २,६०० स्त्रियांवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, छेद गरजेपुरताच घेतल्याने गंभीर जखमांचे प्रमाण वाढत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सरसकट छेद घेऊ नये, असा स्पष्ट सल्ला दिला. बाळ गुदमरत असेल अथवा चिमटा लावावा लागत असेल, तर छेद आवश्यक ठरू शकतो. पण तो प्रतिबंधाचा सर्वसाधारण उपाय नव्हे.

मग प्रतिबंध कशाने होतो? पूर्वतयारीचे दोन भाग आहेत. पहिला स्त्रीच्या हाती आहे, दुसरा तिच्या सोबत असणाऱ्यांच्या.

गर्भारपणाच्या चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून मूलाधाराला मालीश करणे हा पहिला उपाय होय. नखे कापून हात साबणाने स्वच्छ धुवावेत. पाठीला आधार घेऊन, गुडघे वाकवून बसावे. अंगठ्यांना स्वच्छ, सुगंधरहित खाद्यतेल लावून ते योनिमार्गात ३ ते ४ सेंटीमीटर न्यावेत; गुदद्वाराच्या दिशेने हलका दाब द्यावा आणि चंद्रकोरीच्या आकारात दोन्ही बाजूंस फिरवावेत. ताण जाणवावा, वेदना होऊ नये. पाच मिनिटे पुरतात. आठवड्यातून एकदा-दोनदा केले तरी लाभ होतो; रोज केल्याने तो वाढतो असे दिसत नाही. सुमारे २,५०० स्त्रियांवरील चार चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की, पूर्वी योनिमार्गे प्रसूती न झालेल्या दर १५ स्त्रियांमागे सुमारे एकीचे टाके या मालिशीने टळतात. लाभ माफक आहे. पण खर्च काहीच नाही. मात्र रक्तस्राव, वार खाली असणे, पाणी लवकर जाणे, जंतुसंसर्ग किंवा अकाली प्रसूतीचा संभव असल्यास मालीश करू नये. सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना अथवा परिचारिकेला विचारून घ्यावे.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, नवव्या महिन्यात प्रसवमार्ग स्निग्ध व्हावा म्हणून तेलात भिजवलेला कापूस योनीत ठेवण्यास सांगितले आहे. हेतू तोच असला, तरी आज घरच्या घरी असा प्रयोग करू नये. त्यातून जंतुसंसर्गाचे भय असते.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व सैल सोडण्याचा व्यायामही उपयुक्त आहे. त्याचा मुख्य लाभ लघवीवर ताबा राहण्यात होतो; शिवाय ते स्नायू जाणीवपूर्वक सैल सोडण्याची सवय होते. आहाराकडेही लक्ष हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ५२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय होता. असे दुर्बल शरीर रक्तस्राव सहन करू शकत नाही आणि जखमही सावकाश भरते. म्हणून लोहाच्या गोळ्या नियमित घेणे हाही या तयारीचाच भाग होय.

दुसरा भाग प्रसूतीच्या शेवटच्या काही मिनिटांचा आहे. डोके दिसू लागले की कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ कापड मूलाधारावर धरावे. याने तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या जखमा कमी होतात असे चाचण्यांत दिसून आले आहे. डोके हळूहळू बाहेर यावे म्हणून प्रसाविकेने एका हाताने त्याचा वेग आवरावा व दुसऱ्याने मूलाधाराला आधार द्यावा. त्या वेळी स्त्रीने जोर न करता तोंडाने छोटे-छोटे श्वास घ्यावेत. शक्य असेल तर तिला कुशीवर वळू द्यावे. पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलणे ही घातक प्रथा आहे.

२००५-०६ मध्ये देशातील ३९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत; २०१९–२१ मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. त्यामुळे प्रसूतिगृहातील सवयींना आता विशेष महत्त्व आले आहे. नाव नोंदवतानाच विचारावे : येथे छेद केव्हा घेतात? कुशीवर वळता येईल का? सोबतीला कोणी थांबू शकेल का?

इतके करूनही जखम होऊ शकते. पहिली खेप, मोठे बाळ, चिमट्याचा वापर, बाळाच्या डोक्याची प्रतिकूल स्थिती ही कारणे कोणाच्या हाती नसतात. जखम झाली म्हणून स्त्रीचे काही चुकले असे मुळीच नव्हे. प्रत्येक बाळंतिणीची प्रसूतीनंतर नीट तपासणी व्हावी आणि गंभीर जखम अनुभवी डॉक्टरांनी शिवावी. टाक्यांची जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी. भरपूर पाणी प्यावे, पालेभाज्या खाव्यात, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. ताप, दुर्गंधी, वाढती वेदना किंवा मलावर ताबा न राहणे यांपैकी काहीही जाणवल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. मलावरील ताबा जाणे हा बाळंतपणाचा अटळ भोग नसून उपचार करता येण्याजोगा विकार आहे, हे स्त्रीने जाणावे आणि तिच्या घरच्यांनीही.