उघडें दार

विद्यार्थीमित्रहो, धैर्य हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. परंतु ख्रिस्ती श्रद्धा आचरणांत आणण्यास जें धैर्य लागतें तें निराळ्या जातीचें आहे. तें कोणतें व तें कोठून येतें, याचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम पेत्राचें उदाहरण घेऊं. गेथशेमाने बागेंत प्रभूला धरावयास लोक आले तेव्हां हा शिष्य तरवार उपसून पुढें धांवला आणि त्यानें प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला. सशस्त्र टोळीपुढें तो डगमगला नाहीं. मात्र त्याच रात्रीं वाड्याच्या अंगणांत विस्तवाजवळ शेकत असतां एका दासीनें त्याला ओळखलें, आणि त्यानें आपल्या गुरूस साफ नाकारलें. तरवारीस न भ्यालेला पुरुष एका मुलीच्या बोलण्यास भ्याला! आम्हांस यांत आपणां सर्वांचेंच चित्र दिसतें. मोठ्या प्रसंगीं आपण शूर ठरूं अशी कल्पना करणें सोपें आहे. चारचौघे हंसतील हें भय जिंकणें कठीण आहे.

आतां प्रेषितांच्या कृत्यांचा ४ था अध्याय पाहा. तोच पेत्र न्यायसभेपुढें उभा आहे, हातीं शस्त्र नाहीं, तरी गप्प राहण्याचा हुकूम तो मानीत नाहीं. मध्यंतरीं काय घडलें? पडलेल्या पेत्रास प्रभूनें समुद्रकांठीं क्षमा करून पुन्हां काम सोंपविलें होतें, व पवित्र आत्म्याचें साह्य त्यास लाभलें होतें. त्याच्या सोबत्यांची प्रार्थनाही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. धमक्या बंद व्हाव्या असें त्यांनीं मागितलें नाहीं. धमक्या असतांही बोलण्याचें धैर्य मागितलें.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंवर असाच प्रसंग आला. १८८३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें व पुढील वर्षीं पुण्यास हलविलेलें त्यांचें शारदासदन हिंदु विधवांना विद्या देण्यासाठीं होतें, आणि तेथें मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक होती. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, तेव्हां दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं यावरून मोठा गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं संबंध सोडला आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. दार लावून घेतलें असतें तर हें टळतें. पण बाईंनीं तें लावलें नाहीं.

कोणी विचारील, खोलीचें दार लावून प्रार्थना करा अशी प्रभूचीच शिकवण नाहीं काय? आहे. परंतु ती लोकांकडून वाहवा मिळविण्याच्या मोहाविरुद्ध आहे. दिखाऊपणा टाळण्यासाठीं लावलेलें दार वेगळें आणि लोकभयानें लावलेलें दार वेगळें. शिवाय हेंही ध्यानांत असावें कीं बाईंचें दार उघडें होतें, पण त्यांतून कोणास ओढून आणलें जात नव्हतें. स्वतःच्या श्रद्धेविषयीं निर्भय असणें म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेचा अनादर करणें नव्हे.

वसतिगृहांत झोंपण्यापूर्वीं गुडघे टेकतांना शेजारी हंसला, परीक्षेंत मित्रानें उत्तर मागितलें, गरीब सोबत्याची सर्वजण थट्टा करूं लागले, कीं आपलें अंगण व आपली दासी समोर आलीच असें समजावें. तेथें चुकलों तर पेत्राप्रमाणें रडावें, पण रडतच बसूं नये. प्रभूकडे परत जावें. पालकांसही आमची नम्र विनंती आहे: मुलांना धैर्याचा उपदेश करण्यापूर्वीं त्यांनीं घरांत आपली प्रार्थना, आपला व्यवहार व आपली चुकीची कबुली मुलांना पाहूं द्यावी. न्यायसभेंतील लोकांनीं पेत्र व योहान यांस पाहून, हे येशूच्या सहवासांत होते, हें ओळखलें. धैर्य हें त्या सहवासाचें फळ आहे. तें मागावें, आणि रोजच्या लहान प्रसंगीं आपलें दार उघडें ठेवावें.