आधी घातांक, मग गुणक

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यातील प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दसपट आहे. विज्ञानात प्रचंड संख्या लिहिण्याची आजची पद्धती याच दशमान तत्त्वावर उभी आहे. फरक एवढाच, की तेथे स्थानाला नावाऐवजी क्रमांक असतो. लक्ष म्हणजे १० चा ५ वा घात, कोटी म्हणजे ७ वा आणि अब्ज म्हणजे ९ वा.

या पद्धतीत संख्येचे दोन भाग पडतात. पहिला भाग गुणक. तो १ पेक्षा लहान नसतो व १० पर्यंत पोहोचत नाही. दुसरा भाग १० चा घात. दोन संख्यांची तुलना करताना प्रथम घातांक पाहावेत. ते समान असतील तरच गुणकांकडे वळावे.

एक उदाहरण घेऊ. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण अंदाजित खर्च सुमारे ४५.०३ लाख कोटी रुपये होता, तर आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयासाठी ८९,१५५ कोटी रुपयांची तरतूद होती. नव्या पद्धतीने हे आकडे असे लिहिता येतील :

एकूण खर्च : ४.५ × १० चा १३ वा घात
आरोग्य : ८.९ × १० चा ११ वा घात

नजर आधी ८.९ वर जाते आणि तीच संख्या मोठी भासते. परंतु घातांकांत २ चा फरक आहे, म्हणजे शंभरपटीचा. ४.५ ला ८.९ ने भागल्यास सुमारे ०.५ येतात, त्यांना शंभराने गुणले की उत्तर ५० च्या आसपास येते. आरोग्याचा वाटा एकूण खर्चाच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे दोन टक्क्यांच्या जवळपास होता.

भागाकारात घातांकांची वजाबाकी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे १.४३ × १० चा ९ वा घात होती. ८.९ ला १.४३ ने भागल्यास ६.२ आणि ११ मधून ९ वजा केल्यास २. म्हणजेच ही तरतूद दरडोई सुमारे ६२० रुपये होती. राज्यांचा आरोग्यावरील खर्च यात अर्थातच धरलेला नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. तुलनेपूर्वी एकके समान करावीत. एक अब्ज डॉलर आणि एक अब्ज रुपये यांचा घातांक एकच असला तरी मूल्य एक नव्हे. तसेच घातांक ऋण असल्यास शून्याच्या अधिक जवळचा घातांक मोठी संख्या दर्शवितो. म्हणून गुणक समान असता १० चा उणे ३ वा घात हा उणे ६ व्या घाताच्या हजारपट असतो.

गुणकातील चूक आकडा थोडाफार बदलते. घातांकातील एकाची चूक तो दसपट करते. वृत्तपत्रातील आकडे असोत वा गुंतवणुकीचे माहितीपत्रक, सुजाण वाचकाने घातांकाकडे प्रथम पाहावे.